ओल्या लाकडावरची सही

आमच्या बेळगावच्या घराचे पुढचे दार पावसाळ्यात कुरकुरते. मृगाच्या सरी सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले, की कडी काढल्यावर त्याला खांदा लावावा लागतो. आणि दिवाळी उलटली, की तेच दार बोटाच्या धक्क्याने उघडते. हे दार आजोबांनी सागवानाचे करून घेतले होते. त्याच्या झडपांच्या चौकटीत ज्या रुंद फळ्या बसविल्या आहेत त्यांना सुतार दिल्हे म्हणतात. वडील काही वर्षांआड दिवाळीच्या तोंडावर त्या दाराला हिरवा तेलरंग देत. पुढे उन्हाळा आला, की दिल्ह्याच्या दोन्ही उभ्या कडांशी रंग न लागलेल्या लाकडाची एक बारीक तपकिरी रेघ उघडी पडे. लहानपणी मी ती नखाने मोजत असे आणि वडिलांनी रंग देताना चुकारपणा केला अशी माझी समजूत होती. रेघ वरच्या व खालच्या कडेशी मात्र कधीच दिसत नसे. ती तेथे का दिसत नाही, हा प्रश्न मला पडायला वयाची पंचेचाळिशी ओलांडावी लागली; आणि तो पडला तोही आनंदाने नव्हे.

मी खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी शाळेत मुख्याध्यापक होतो, त्या वेळची ही हकीकत आहे. मार्च २०१४ मध्ये शाळेसाठी चोवीस बाके मंजूर झाली. आमची चौथीपर्यंतची मुले तोवर जमिनीवर बसत असत, त्यामुळे गावाला आनंद झाला होता. बाके आली ती २८ तारखेला. सरकारी कारभारात मार्चअखेरीचे तीन दिवस म्हणजे काय, हे ज्यांनी कार्यालयात दिवस काढले आहेत त्यांना सांगावयास नको. माल मिळाल्याची व तो ठीक असल्याची सही त्याच दिवशी झाली नाही, तर पैसे परत जाणार होते.

शाळेची मोडतोड दुरुस्त करण्यासाठी गावातील एक वयस्कर सुतार येत. सारे गाव त्यांना सुतारमामा म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. ते त्या दिवशी खिडकीची बिजागरी बसवायला आले होते. त्यांनी एका बाकावर हात फिरवला, फळी एका टोकाला उचलून पाहिली आणि माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, “गुरुजी, लाकूड ऐनाचं हाय, चांगलं हाय. पण वलं हाय की हो. यवढ्यात सही नका करू.”

मी म्हटले, “मामा, आज सही केली नाही तर बाके परत जातील.”

त्यांनी वाद घातला नाही. पुरवठादाराच्या माणसाने एक जादा फळी ठेवून दिली होती, तिच्याकडे बोट दाखवून ते एवढेच म्हणाले, “मग ह्या फळीचं आज वजन करून ठेवा. उन्हाळ्यानं त्यातलं काय खाल्लं ते कळंल तरी.”

मी सही केली. ‘लाकूड उत्तम व कोरडे असल्याची खात्री केली’ असे त्या छापील कागदावर होते, आणि त्याखाली माझे नाव होते.

फळीचे वजन करण्याची कल्पना मात्र मला आवडली. सहावीच्या मुलांना बोलावून मी तिच्यावर खडूने खूण केली. किराणा दुकानातून तराजू आणला. फळी ६० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद. वजन ३ किलो ६० ग्रॅम. मुलांनी एका वहीत तारीख घालून हे सारे लिहिले. सुट्टी लागली आणि मी बेळगावला घरी आलो.

शाळा उघडली तेव्हा वर्गाचे दार उघडताच मला पहिल्यांदा जाणवले ते बाकांचे वय. दोन महिन्यांत ती जुनी दिसू लागली होती. सांधे सैल झाले होते. बसण्याच्या रुंद फळ्या कडांशी उचलून पन्हळीसारख्या झाल्या होत्या, आणि ज्या फळ्या दोन्ही कडांना खिळ्यांनी पक्क्या जखडल्या होत्या त्या मधोमध उभ्या तडकल्या होत्या. मुलांनी वहीतल्या फळीचे वजन केले: २ किलो ५२० ग्रॅम. रुंदी १९४ मिलिमीटर. लांबी होती तेवढीच. ऑगस्टात, खानापूरच्या त्या न थांबणाऱ्या पावसात, पुन्हा तोलले तर फळी ८० ग्रॅमने वाढली होती आणि रुंदीही दोन मिलिमीटरने फुगली होती. बाकांच्या भेगा जराशा मिटल्या, आणि मीही त्या विसरण्याचा प्रयत्न केला.

फेब्रुवारी २०१५ मध्ये हवा कोरडी झाली आणि भेगा पुन्हा उघडल्या. एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर तिसरीतील एक मुलगी बाकाच्या भेगेत बोट घालून बसली असताना शेजारची मुलगी धपकन बसली. फळी वाकली, भेग मिटली, आणि त्या लहानग्या बोटाचे नख मुळापासून निघाले. संध्याकाळी तिची आई शाळेत आली. ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने फक्त विचारले, “सर, बाकडी लई जुनी हुती का?”

“नाही,” मी म्हणालो, “नवीन आहेत.”

यापुढे मला काही बोलता आले नाही.

त्या रात्री मी प्रथमच लाकूड म्हणजे काय हे समजून घ्यावयास बसलो. माझे शिक्षण मराठी साहित्याचे. विज्ञानाशी संबंध शाळेपुरता. तथापि पुस्तके मिळवली, शाळेतल्या विज्ञान शिक्षकांना गाठले, आणि जे पुस्तकात उमगले नाही ते सुतारमामांना विचारले. जे समजले ते इतके सरळ आहे, की ते येथे सांगितल्यास वाचकांना आपल्या घरातील दारे-कपाटे नव्याने दिसू लागतील असे वाटते.

१६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्याला मधाच्या पोळ्यासारखी लहान लहान घरे दिसली. त्यांना त्याने दिलेले नाव आज आपण ‘पेशी’ या शब्दाने मराठीत आणले आहे. लाकूडही अशाच पेशींचे असते. परंतु त्यांतील बहुतेक पेशी लांबट, पोकळ नळ्या असतात आणि त्या बुंध्याच्या दिशेने उभ्या रचलेल्या असतात. आपल्याकडील साग, ऐन, आंबा, फणस यांच्या लाकडातील तंतूंच्या पेशी जेमतेम मिलिमीटरभर लांब आणि त्याहून कितीतरी अरुंद. गवताच्या काड्यांची घट्ट बांधलेली पेंढी डोळ्यांसमोर आणावी, म्हणजे लाकडाचे चित्र पुरेसे उभे राहते.

जिवंत झाडात या नळ्यांत दोन ठिकाणी पाणी असते. एक नळीच्या पोकळीत, आणि दुसरे नळीच्या भिंतीत मुरलेले. झाड तोडल्यावर पहिल्यांदा जाते ते पोकळीतले पाणी. ते गेल्याने लाकूड हलके होते, पण आक्रसत नाही. घागर रिकामी केली म्हणून ती लहान होत नाही, तसेच हे. पोकळीतले पाणी संपून केवळ भिंतीतले उरते, तेव्हा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के एवढे पाणी त्यात असते. खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते. भिंती सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म धाग्यांच्या बनलेल्या असून हे पाणी त्या धाग्यांच्या मधल्या जागेत शिरून बसलेले असते. ते निघू लागले, की धागे एकमेकांच्या जवळ सरकतात, भिंत बारीक होते आणि लाकूड आक्रसते. पावसाळ्यात हवेतील ओल पुन्हा त्या धाग्यांत शिरते आणि लाकूड फुगते.

आता आमच्या दाराच्या रेघेचे कोडे सुटते. भिंतीच्या सर्वांत जाड थरातले धागे बहुतांशी नळीच्या लांबीच्या दिशेने, जरासे तिरपे, लागलेले असतात. धाग्यांच्या मध्ये पाणी आले-गेले तर त्यांमधील अंतर कमी-जास्त होईल, धाग्यांची स्वतःची लांबी बदलणार नाही. म्हणून लाकूड रुंदीत आक्रसते. लांबीत मात्र पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंतही सामान्यतः हजारी एक ते तीन भागच घटते. दिल्ह्याचे तंतू उभे होते. त्यामुळे रेघ उभ्या कडांना पडे, वर-खाली पडत नसे. वडिलांनी रंगात चुकारपणा केला नव्हता. दिल्हा दिवाळीपर्यंत फुगलेला होता, तेव्हा त्याची कड खाचेत लपलेली होती, एवढेच.

रुंदीतही सर्व दिशा सारख्या नसतात. गाभ्यापासून सालीकडे जितके आकुंचन होते, त्याच्या साधारण दुप्पट ते वर्षवलयांच्या अंगाने होते. याची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. त्यांतील एक असे, की काही पेशी आडव्या, गाभ्यापासून सालीकडे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे गेलेल्या असतात आणि त्या दिशेचे आकुंचन त्या थोडे रोखून धरतात. या दुजाभावाचे परिणाम आपण नित्य पाहतो. पडून राहिलेल्या ओंडक्याला सालीकडून गाभ्याकडे भेग जाते, कारण परीघ जितका आटू पाहतो तितकी त्रिज्या आटत नाही. ओंडक्याच्या बाजूची सरळ कापलेली फळी सुकताना सालीच्या अंगाला खोलगट होते, कारण तिच्यातली वलयांची कमान सरळ होऊ पाहते. आमच्या बाकांच्या पन्हळी यातूनच आल्या होत्या.

आता लाकडाच्या घनतेविषयी. पेशीची भिंत, पोकळी वगळून पाहिली तर, सर्व लाकडांत जवळजवळ सारख्याच वजनाची असते: एका घन सेंटिमीटरला सुमारे दीड ग्रॅम. सावर हलकी आणि ऐन जड, ते केवळ पोकळी आणि भिंत यांच्या प्रमाणामुळे. ऐनाच्या नळ्यांच्या भिंती जाड, पोकळी अरुंद. आणि आक्रसते ती भिंत. म्हणून जड लाकूड सामान्यतः अधिक आक्रसते व अधिक ताकदीने आक्रसते. ‘जड म्हणजे टिकाऊ’ असे समजून आपण भारी लाकूड निवडतो, पण जितके भारी तितका त्याला सुकण्यास वेळ द्यावा लागतो, हे विसरतो. ऐन, ज्याला आमच्याकडे कन्नडमध्ये मत्ती म्हणतात, त्याची सुकताना तडकण्याची खोड सुतारांना जुनीच माहीत आहे.

साग या नियमाला थोडा अपवाद आहे, आणि त्याची थोरवी तेथेच आहे. सागाच्या गाभ्यातील पेशींच्या भिंतींत तेलकट व राळेसारखी द्रव्ये भरलेली असतात. जी जागा पाण्याने घेतली असती ती त्यांनी आधीच अडवलेली असते. साहजिकच आत-बाहेर करणारे पाणी कमी. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत साग गाभ्यापासून सालीकडे सुमारे अडीच टक्के आणि वलयांच्या अंगाने सुमारे सहा टक्के आक्रसतो. त्याच्या वजनाच्या मानाने हे थोडे आहे. आजोबांचे दार इतकी वर्षे टिकले त्यात सागाचा हा गुण आहेच. परंतु त्याहून मोठा गुण त्या अनामिक कारागिराचा, ज्याने दिल्हा खिळ्यांनी किंवा सरसाने न जखडता खाचेत मोकळा ठेवला. फळीने श्वास घ्यावा एवढी जागा त्याने सोडली होती. आमच्या बाकांच्या फळ्यांना दोन्ही कडांनी खिळे ठोकून जखडले होते. तीस सेंटिमीटरची फळी सेंटिमीटरभर आक्रसू पाहत होती आणि खिळे तिला सरकू देत नव्हते. तिच्यापुढे तडकण्यावाचून मार्ग नव्हता.

हे समजत असतानाच वरिष्ठ कार्यालयाचे पत्र आले. वर्षाच्या आत बाके नादुरुस्त होऊन विद्यार्थिनीस इजा का झाली, याचा खुलासा मागवला होता. पुरवठादाराचा माणूस लगोलग भेटावयास आला. चहा घेता घेता म्हणाला, “सर, उन्हाळा कडक होता असं लिहून टाका. लाकूड हवेनं वाकतं हे साहेबांनाही माहीत आहे.”

आणि मी तसा मसुदा लिहिला. आमच्याकडे खुलासा कन्नडमध्ये द्यावा लागतो; मी आधी मराठीत लिहितो आणि मग सहकारी शिक्षकांकडून कन्नड करवून घेतो. ‘प्रदेशातील हवामानाच्या तीव्र बदलांमुळे काष्ठात नैसर्गिक आकुंचन होऊन...’ असे वाक्य माझ्या लेखणीतून सहज उतरले. एम. ए. च्या अभ्यासाचा असाही उपयोग होतो, हे मला त्या दिवशी कळले. वाक्यात एक शब्दही खोटा नव्हता. लाकूड हवेने आक्रसते, हे खरेच होते.

दुसऱ्या दिवशी फळीचे वजन करण्याची पाळी होती. तीच मुले आता सातवीत होती. फळी भरली २ किलो ४७० ग्रॅम. रुंदी १९२ मिलिमीटर. एका मुलाने वहीत वजाबाकी केली आणि म्हणाला, “सर, ५९० ग्रॅम पाणी गेलं. म्हणजे बाकं आली तेव्हा हे पाणी आत होतंच ना?”

होतेच. उन्हाळ्याने ते बाहेर काढले, आत घातले नव्हते. ऋतूंचा हिशेब त्याच वहीत वेगळा लिहिलेला होता: पावसाळ्यात वाढलेले ८० ग्रॅम आणि ते सुकल्यावर कमी झालेले १३० ग्रॅम. बाकी सारे पाणी माझ्या सहीच्या दिवशी त्या फळीत होते, आणि मी कागदावर ‘कोरडे’ म्हटले होते. ते मला ठाऊक नव्हते असेही नाही. मला सांगणारा माणूस माझ्याशेजारी उभा होता.

मी मसुदा फाडला. नव्याने लिहिले, की लाकूड ओले असल्याचे मला सुताराने सांगितले होते, मुदत संपत असल्याने मी तरीही माल स्वीकारला, आणि मुलांच्या वहीतील वजनाचे पान सोबत जोडत आहे. कन्नड करून देणारे सहकारी वाचता वाचता थांबले. “सर, हे शेवटचं पान जोडायलाच हवं का?” त्यांनी विचारले. मी हो म्हटले, परंतु माझा आवाज फारसा स्थिर नव्हता. माझ्या निवृत्तीला अद्याप पुष्कळ वर्षे होती आणि घरी मुलीच्या शिक्षणाचा खर्च होता.

झाले ते असे: ‘यापुढे दक्षता घ्यावी’ अशी नोंद माझ्या नावावर आली. पुरवठादाराने फळ्या बदलून दिल्या नाहीत. दुरुस्तीचा खर्च काही शाळा विकास समितीने आणि काही मी सोसला. मुलीचे नख वाढले. थोडे वाकडे वाढले.

एप्रिलच्या सुट्टीत सुतारमामा कामाला बसले. नवीन लाकूड आणू या, असे मी म्हटले, तेव्हा ते हसले. “आता कशाला? आता हीच लाकडं मुरली. एका इंचाला एक वरीस लागतं, ते झालं बघा.” त्यांनी तडकलेल्या फळ्या भेगेवर उभ्या चिरल्या, कडा रंधून सरळ केल्या, आणि दोन-दोन अरुंद पट्ट्या मध्ये बोटभर फट ठेवून बसविल्या. खिळे काढून स्क्रू लावले, आणि स्क्रूची भोके आडवी लांबट पाडली, फळीला सरकता यावे म्हणून. बोट अडकू नये म्हणून फटींच्या कडा गोल केल्या. “मी सांगितलं हुतं” असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. दुपारी भाकरी खाताना फक्त एवढे विचारले, “पोरीचं बोट कसं हाय?”

वाचकांपैकी कोणी गोव्यात, कोणी वडोदऱ्यात, कोणी ग्वाल्हेरला, इंदूरला राहत असतील. आपली माणसे बदलीने, लग्नाने गावोगाव जातात आणि त्यांच्यामागून कपाटे, देव्हारे, पाट, झोपाळेही जातात. मडगावच्या दमट हवेत केलेले कपाट ग्वाल्हेरच्या मे महिन्यात तडकले, तर लगेच सुताराला दोष देऊ नये. लाकूड नव्या गावच्या हवेशी जुळवून घेत असते. जेथे वस्तू वापरायची त्याच गावी लाकूड काही महिने आडोशाला, वारा खेळेल असे रचून ठेवावे आणि मग कामाला घ्यावे. घेताना एक लहान तुकडा तोलून तारीख घालून ठेवावा. पंधरवड्याने पुन्हा तोलावा. वजन उतरतच असेल तर थांबावे. यासाठी यंत्र लागत नाही, किराणा दुकानातला तराजू पुरतो.

ती शाळा सोडून मला बरीच वर्षे झाली. मागील वर्षी त्या बाजूला गेलो असता आत डोकावलो, बाके होती. मुले बसली होती. एका फळीवर सातवीच्या मुलांच्या खडूची खूण शोधली, पण ती जादा फळी सुतारमामांनी कुठल्या बाकात वापरली हे मला ओळखता आले नाही.

यंदा दिवाळीपूर्वी पुढच्या दाराला मीच रंग दिला. उन्हाळ्यात रेघ पडेल. ती पुसायची नाही, असे घरी सांगून ठेवले आहे.